ब्रेकची सरळ नळी

साल दोन हजार तेवीस. मला एकाहत्तरावं लागलं होतं, आणि माझे हात तेव्हाही थरथरत नव्हते. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल की बुढ्याचे हात गेले असतील. हात गेले नव्हते. डोळेही नव्हते गेले; मोतीबिंदू काढून झाला होता.

माझी शाळा चौथीत सुटली. बार्शीटाकळीकडच्या खेड्यातून अकोल्याला आलो तो कापसाच्या जिनिंगमधल्या डिझेल इंजिनाला तेल द्यायला. इंजिन काय बोलतं ते तिथं शिकलो. मग ट्रक केले, मग जीपा, आणि शेवटी परतवाड्यात, मेळघाटच्या जंगलाच्या तोंडाशी, सेमाडोहच्या रस्त्याला स्वतःचं गॅरेज टाकलं. पत्र्याचं शेड, एक खड्डा, दारात कडुनिंब. पाटी कधी लावली नाही. ज्याला यायचं तो विचारत येतो.

टर्बोच्या गाड्या आल्या तेव्हा इकडचे बरेच मिस्त्री बिचकले. बोनट उघडावं तर आत बकऱ्याच्या आतड्यासारख्या नळ्या. मी बिचकलो नाही. मी बसून एकेक नळी कुठून निघते, कुठं जाते, ते बोटानं पाहिलं. इंजिनाच्या कडेला एक पंप असतो, तो हवा ओढतो. त्याच्यापासून एक जाड नळी ब्रेकच्या बूस्टरला जाते. त्या ओढीच्या जोरावर ब्रेक पायाला हलका लागतो. त्याच जाड नळीला फुटवे काढलेले असतात, बारीक रबरी नळ्यांचे. त्या जातात धूर पुन्हा इंजिनात घालणाऱ्या व्हॉल्व्हकडे. धूर कमी व्हावा म्हणून कंपनीनं केलेला हा सगळा कारभार. आमच्या उन्हात ते रबर वाळतं, तडकतं, व्हॉल्व्ह काजळीनं भरतो, आणि गाडी नेमकी घाटात दम सोडते.

त्या उन्हाळ्यापासून मी काय करायचो, तर व्हॉल्व्हच्या तोंडावर पत्र्याची चकती बसवायचो, बारीक नळ्या झाडून बाहेर काढायचो, आणि पंपापासून बूस्टरपर्यंत एकच जाड नळी, सरळ. गाडी घाट चढायची. धूर थोडा काळा यायचा. कायद्यात ते बसत नाही, हे मलाही ठाऊक होतं. पण मेळघाटात गाडी चालवणारे माझ्याकडे कायदा विचारायला येत नव्हते.

माझी पोरगी नर्स आहे. सेमाडोहच्या बाजूला एका सरकारी दवाखान्यात तिची ड्यूटी. जावई अकोल्याला नोकरीत, त्यामुळे आठवडाभर ती माझ्याजवळ आणि तिच्या आईजवळ राहते आणि जुनी घेतलेली टर्बो डिझेल गाडी घेऊन रोज घाट चढते-उतरते; पायथ्याला बिहाली, माथ्यावर घटांग. एप्रिलात एका संध्याकाळी ती उशिरा आली. चप्पल न काढता खाटेवर बसली.

"गाडी चढावर बसली बाबा. वापस येतानी, घटांगच्या पलीकडं. आवाज करे, पन पुढं सरके नाई."

"मंग?"

"मंग काय. काचा वर करून बसली. झाडावर वानरं बोंबलून राहिले होते, एकसारखे. माह्याकडं नाई पाहत होते. माह्या गाडीच्या मागं पाहत होते."

"तू पाह्यलं का मागं?"

"आरसा होता ना. नाई पाह्यलं."

मागून लाकडाचा ट्रक आला आणि त्याच्या उजेडात गाडी कशीबशी निघाली. ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "मले दुसरं काई नको. गाडी घाटात थांबू नाई, एवढं करा." माझ्या पोरीनं माझ्याजवळ असं काही मागितल्याचं मला आठवत नाही. ती माझ्यावर गेली आहे.

रविवारी गाडी खड्ड्यावर घेतली. ती कंबरेवर हात ठेवून बाजूला उभी. मी एकेक नळी काढून गोणपाटावर टाकत होतो.

"एवढ्या काहाडल्या. कंपनीवाले काय येडे होते का लावाले?"

"कंपनीले मेळघाट माईत नाई."

"आन तुमाले सगळं माईत."

"बॅटरी इकडं धर. डाक्टरसमोर बोलते का एवढी?"

"डाक्टर ऐकून घेते."

व्हॉल्व्ह बंद केला. जाड नळीही बदलायला काढली, कारण तिचे फुटवे आता उघडे पडले असते आणि तिथून हवा गेली असती. जुन्या नळीला मधोमध एक गाठ होती, वरून कापडी पट्टी गुंडाळलेली. जोड असेल असं समजलो. माझ्याजवळ चांगल्या रबराचा गुंडाळा होता, त्यातून मापानं तुकडा कापला, दोन्ही टोकांना क्लिपा आवळल्या. बिनजोडाची सरळ नळी. गाडी चालू केली, ब्रेक दाबला, लोण्यासारखा. चौकापर्यंत चालवून आणली. इंजिनानं असा दम धरला होता की मला हसू आलं.

सोमवारी सकाळी ती ड्यूटीला गेली. गाडी घाटाकडे निघाली की तिचा आवाज मला बराच वेळ ऐकू येतो. त्या दिवशी तो लवकर विरला. नवी ताकद आहे, लवकर लांब गेली असेल, असं मी म्हटलं.

दुपारी कामाला कोणी नव्हतं. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. मी गोणपाटावरच्या जुन्या नळ्या आवरायला घेतल्या. नळी फेकायच्या आधी तोंडाला लावून एकदा फुंकायची ही माझी जिनिंगपासूनची सवय. कुठं फुटली ते कळतं. जाड नळी उचलली, बारीक फुटवे बोटांनी दाबून धरले आणि फुंकली. हवा गेली. उलटी करून दुसऱ्या टोकानं फुंकली. गेली नाही.

वाटलं, काजळी बसली. तार घातली तर तार गाठीशी अडली. पुन्हा फुंकली, गालफडं दुखेपर्यंत. नाही. मग करवतीच्या पात्यानं ती गाठ कापली. तो जोड नव्हताच. आत एक लहानसं झाकण होतं, बारीक स्प्रिंगवर बसलेलं. एकीकडून हवा आली की उघडायचं, दुसरीकडून आली की मिटायचं.

मी ते हातात धरून बसलो. ते कशासाठी आहे हे समजायला मला कोणाला विचारावं लागलं नाही. पंप हवा ओढतो. इंजिन बंद पडलं तरी ते झाकण मिटून ओढ बूस्टरमध्ये अडवून धरतं, म्हणजे इंजिन बंद असूनही दोन-चार वेळा ब्रेक नीट लागतो. झाकण नसलं तर इंजिन बंद झालं की ओढ गेली. मग ब्रेक दाबा नाहीतर दगड दाबा.

इंजिन चालू आहे तोवर काही होत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. ते खरंही होतं. आणि मग मला घाट उतरायची आमची रीत आठवली.

आमच्याकडचे ड्रायव्हर घटांगच्या पुढं उतार लागला की चावी फिरवून इंजिन बंद करतात. गाडी न्यूट्रल. मग ती जंगलातून सरसरत आपल्या वजनानं खाली येते. डिझेल वाचतं हे तर आहेच, पण मोठी गोष्ट मानाची. जो बंद गाडी खाली बिहालीच्या सपाटीपर्यंत आणतो, तो ड्रायव्हर. मी जीपवर हे वर्षानुवर्षं केलं. त्या जीपच्या ब्रेकला बूस्टर नव्हता, पायाचा जोर होता, तिला इंजिन चालू काय आणि बंद काय. पोरीला गाडी मीच शिकवली, त्याच जीपवर, त्याच घाटात. बंद गाडी उतरवायची तिनं माझ्यापेक्षा सफाईनं उचलली. दवाखान्यातल्या बायांना ती हे फुशारकीनं सांगते.

फोन लावला. संपर्क क्षेत्राच्या बाहेर. पुन्हा लावला, तेच. वर जंगलात फोन लागत नाही हे मला काय नवीन नव्हतं, तरी लावत राहिलो. मग मोटरसायकल काढली.

शेजारचा पानठेलेवाला ओरडला, "बाबाजी, भर उन्हात कुठी निंघाले?"

"पोरीले आनाले."

"पोरगी तं गाडी घेऊन गेली ना?"

"म्हनूनच."

ती परत येताना घटांगला चहाला थांबते, हे ठाऊक होतं. थांबली असेल तर. निघायला आधीच उशीर झाला होता. बिहाली मागं टाकली आणि वळणं सुरू झाली. सागाची पानं सगळी गळलेली, रस्त्यावर त्यांचा कोरडा थर, झाडं हाडकुळी उभी. समोरून गाडीच्या इंजिनाचा आवाज आला की मला बरं वाटायचं. मी वाट पाहत होतो ती बंद गाडीची, आणि बंद गाडी ऐकू येत नाही. प्रत्येक वळणावर मी मोटरसायकल हळू करायचो आणि कान द्यायचो. पानांचा चुरचुर आवाज आला की पाय टेकून थांबायचो. एकदा तो वाऱ्यानं आला. एकदा रानडुकरं होती. एका वळणावर दरीकडचा कठडा ताजा फुटलेला दिसला. मी उतरून खाली पाहिलं. खाली काही नव्हतं. कठडा आधीचाच फुटका असेल. मी पुन्हा मोटरसायकलला किक मारली.

घटांगला तिची गाडी टपरीसमोर उभी होती. ती बाकावर बसून चहा पीत होती.

"बाबा? तुमी इथं कायले?"

"असाच. हवा पाहाले."

"या उन्हात हवा?"

टपरीवाला हसला. "बाई, बुढेबावाले घरात करमत नसन."

बाकावर आणखी दोघं होते. धारणीच्या बाजूला सवारी नेणारे ड्रायव्हर. दोघांच्या गाड्या पलीकडं झाडाखाली, पोरीच्या गाडीसारख्याच, त्याच कंपनीच्या. मी त्या ओळखल्या, कारण दोन्हींच्या नळ्या मीच काढल्या होत्या, त्याच उन्हाळ्यात.

त्यातला एक उठून पाया पडला. "मिस्त्रीकाका, गाडी वाऱ्यावानी चढते बरं का. तुमचा हात लागला आन गाडी जवान झाली."

"अन उतारावर कशी आहे?" मी विचारलं.

"अजून खाली उतरवलीच कुठं? तुमच्याकडून नेली तशी तिकडंच फिरून राह्यलो. उद्या सकाळी सवारी घेऊन येतो परतवाड्याले दोघंबी."

"खाली तं बंदच आनतो आपन," दुसरा म्हणाला, आणि दोघं हसले.

तिथंच मला बोलायचं होतं. तोंड उघडलंही. पण टपरीवाला ऐकत होता, पोरगी ऐकत होती, आणि पाया पडलेला माणूस अजून माझ्याकडे तोंड वर करून उभा होता. मी म्हटलं, "जपून जाजा." ते धारणीकडे गेले. त्यांच्या धुराचा काळा पट्टा झाडांत बराच वेळ लोंबत राहिला.

मोटरसायकल मी टपरीवाल्याच्या भरवशावर ठेवली आणि पोरीला म्हटलं, "चावी दे, मी चालवतो."

"दिली! मागच्या महिन्यात दुकानाच्या पायरीवर कोनं चढवली होती? बसा इकडं."

मी तिच्या बाजूला बसलो. सांगायचं तर होतंच, पण गाडी सपाटीवर होती तोवर शब्द जुळवत राहिलो. उतार लागला. तिचा हात चावीकडे गेला.

"चालू राहू दे आज," मी म्हटलं.

"काहून?"

"सांगून राह्यलो म्हनून."

"तुमीच तं शिकवलं. आन आता तुमीच भेता का?" ती हसत होती. "म्हातारे झाले तुमी बाबा."

"चालू राहू दे म्हनलं ना!"

मी ओरडलो, हे चुकलं. ओरडून सांगितलेलं तिनं लहानपणापासून कधी ऐकलं नाही. तिनं चावी फिरवली.

इंजिन थांबलं आणि जंगल एकदम जवळ आलं. टायरखाली पानं चुरचुरायला लागली. पहिलं वळण तिनं ब्रेक न लावता घेतलं, झोकात. मी तिचा हात धरला, म्हटलं, "चालू कर, ब्रेक लागनार नाई." तिनं माझ्याकडे पाहिलं आणि पाय दाबला. तिचा चेहरा बदलला. तिनं दोन्ही पाय दाबले. गाडी हळू झाली नाही. पुढं वळण होतं आणि वळणाच्या पलीकडं झाडांचे शेंडे दिसत होते, म्हणजे तिथं खाली दरी.

"बाबा, दगड झाला!"

"चावी पुढं फिरव! तिसरा टाक, क्लच सोड!"

तिनं चावी फिरवली, गिअर टाकला, पाय सोडला. गाडीनं असा हिसका दिला की माझं कपाळ काचेला लागलं. चाकांनी इंजिन फिरवलं. इंजिन एकदा गुदमरलं, मग सुरू झालं. टर्बोनं शीळ घातली. पंपानं हवा ओढली, आणि तिच्या पायाखालचं पेडल खाली गेलं. गाडी कठड्याला बंपर टेकवून उभी राहिली. कठड्याचे दोन-तीन दगड सुटून खाली गेले. ते पोचल्याचा आवाज बऱ्याच वेळानं आला.

ती ब्रेकवरून पाय काढायला तयार नव्हती. इंजिन चालू होतं. माझ्या भुवईवरून रक्त येत होतं, ते तिनं पर्समधला कापूस काढून एका हातानं दाबून धरलं.

"काय केलं होतं तुमी?"

मी सांगितलं. नळीत झाकण होतं, एकाच बाजूनं उघडणारं. जुन्या नळीबरोबर तेही गेलं.

"पायाच्या शिरेत असते तसं," ती म्हणाली. "रक्त खाली उतरू नाई म्हनून."

"मले काय माईत शिरेचं."

"हे तुमाले माईत होतं आन तुमी टपरीवर चूप बसले?"

मी कापूस धरला आणि तिचा हात बाजूला केला.

"त्या दोघाईच्या गाडीत आहे का थे झाकन?"

वर झाडात वानर खोकल्यासारखं एकदा ओरडलं. मी तिकडं पाहिलं.

"बाबा. मी काय विचारून राह्यली?"

"नाई," मी म्हटलं.

तिनं गाडी मागं घेतली आणि चालू इंजिनानं, दुसऱ्या गिअरमध्ये, बैलगाडीच्या चालीनं खाली आणली. तिच्या आईनं कपाळाचं विचारलं तर म्हणाली, "त्याईले इचार."

संध्याकाळी परतवाड्याच्या स्टँडवर जाऊन मी त्या दोघांचे नंबर मिळवले. लावले. फोनमधली तीच बाई, तेच उत्तर. ते जिथं मुक्काम करतात तिथं टॉवर नाही, असं स्टँडवरचा एक जण म्हणाला. "काय काम होतं मिस्त्रीकाका? उद्या येतेच ना थे." मी त्यालाही सांगितलं, सगळं, जसं झालं तसं. तो आधी हसला, मग हसायचा थांबला. त्याचा मेहुणाही माझ्याकडून गाडी करून घेऊन गेला होता.

त्या उन्हाळ्यात मी अशा किती गाड्या केल्या हे मला सांगता येत नाही. मी लिहून ठेवत नाही. गाड्या मी आवाजानं ओळखतो. पण त्या उतारावर गाडीला आवाज नसतो.

जेवायला बसलो. पोरगी ताटावरून उठताना एवढंच म्हणाली, "मी उद्या यष्टीनं जातो. गाडी तुमी पाहा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या यष्टीनं तिच्याबरोबरच निघालो. ती पुढच्या सीटवर बसली, मी मागं. घटांगच्या अलीकडं, उतार जिथून सुरू होतो तिथं, मी बेल मारली. कंडक्टर म्हणाला, "इथं कोन उतरते बाबा? इथं जंगल आहे." मी उतरलो. पोरीनं खिडकीतून पाहिलं. हात केला नाही, पण तोंडही फिरवलं नाही. यष्टी गेली.

मी थोडा वर चालत गेलो, ड्रायव्हरचा हात चावीकडे जातो त्याच्याही आधीच्या जागी. खांद्यावरचा दुपट्टा काढून हातात घेतला. ऊन झाडांत यायला लागलं होतं. बऱ्याच वेळानं वरच्या वळणामागून गाडी आली. तिचं इंजिन अजून चालू होतं, मला ऐकू आलं. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो.